चहा लाजत नाही

आधी मला हसून घ्या, मग पुढचं ऐका. कपड्यांवरचे डाग काढणाऱ्या डागकाकूंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही लाँड्रीच्या मालकाची कोणीतरी आश्रयाला आलेली गरीब आत्या असणार. मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत, मान तिरकी करून उभी असलेली मूठभर बाई. कोणी काही म्हटलं की "बरं". मालक म्हणाला हे आधी करा, बरं. गिऱ्हाईक म्हणालं ते आधी करा, तेही बरं. मी मनात म्हटलं, अगं बाई, ही तर गाय, कोणीही यावं आणि दावणीला बांधावं. घरी जाऊन बहिणीला सांगितलंसुद्धा, की बिचारीला धड बोलता येत नाही. आता ते आठवलं की पोट धरून हसते. नाग निदान फणा काढतो, फुस्स करतो, सांगून-सवरून चावतो. डागकाकू नुसतं "बरं" म्हणतात.

एकदा एका वकिलानं शाईचा शर्ट त्यांच्या तोंडावर भिरकावला होता. "नीट काढ, बावळटासारखी बघत राहू नकोस," म्हणाला. काकू म्हणाल्या, बरं. शर्ट असा निघाला की शाई म्हणजे काय हे त्या कापडाला माहीतच नसावं. फक्त कॉलरला खळ अशी घातली, की कोर्टात साहेबांना मान वळवायची तर सबंध धड वळवावं लागे. दर आठवड्याला तेच शर्ट, तीच खळ. चार महिन्यांनी वकील स्वतः मागच्या खोलीत आला, गळ्याभोवती लाल पट्टा, आणि म्हणाला, "काकू, त्या दिवशी माझं चुकलं." काकू म्हणाल्या, "बरं." पुढच्या आठवड्यापासून कॉलर लोण्यासारखी.

"सूड घ्यायचा तर स्वच्छ घ्यावा," असं त्यांचं म्हणणं. "आपल्या हाताला काही लागता कामा नये."

सव्वीस वर्षं त्या एकाच टेबलाशी उभ्या आहेत. मागची खोली, उजेडाची खिडकी, टेबलावर दुपटं, पांढऱ्या चिंध्यांचा गठ्ठा, एक मऊ ब्रश, एक बोथट चमचा आणि नऊ बाटल्या. एकाही बाटलीवर चिठ्ठी नाही. काकू वासावरून ओळखतात, आणि दुसरं कोणी हात लावू नये म्हणून चिठ्ठी लावत नाहीत, हे त्या कबूल करणार नाहीत. डाग कधी चोळायचा नाही, टिपायचा. बाहेरून आत यायचं, आतून बाहेर गेलं की तो पसरतो. कापड पालथं घालायचं, खाली चिंधी ठेवायची आणि डागाला आल्या वाटेनं परत पाठवायचं. आणि काहीही झालं तरी, तो गेला याची खात्री होईपर्यंत इस्त्रीला जवळ येऊ द्यायचं नाही.

"डाग ओला असतो तोवर पाहुणा," काकू शिकाऊ मुलींना सांगतात. "वाळला की भाडेकरू. वरून इस्त्री फिरली की घरजावई."

अपमानाचंही त्यांचं गणित हेच. कोणी डाग ओला असतानाच येऊन चुकलं म्हणालं, तर काकू विसरतात, अगदी खरोखर विसरतात. पण वाळू दिला, वरून इस्त्री फिरवली, की मग देवच वाली.

आणि त्यांच्या नणंदेनं नेमकी इस्त्री फिरवली होती. म्हणजे अगदी खरीखुरी.

या नणंदबाई, काकूंच्या वन्सं, काकू राहतात त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. इमारतीत त्यांना सगळे 'सभापती' म्हणतात, अर्थात पाठीमागे. महिला मंडळ त्यांचं, जिन्यातली पाटी त्यांची, पाण्याची वेळ त्यांची. समोरच्याची चूक काढल्याशिवाय वन्संना घास गिळवत नाही. तुम्ही म्हणा आज फार ऊन आहे, त्या म्हणणार, ऊन कुठलं, उकाडा आहे. काकूंचे यजमान म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. विजेच्या मोटारी दुरुस्त करतो, साठी गाठली, केस गेले, तरी वन्संसाठी तो 'छोट्या'.

तर मूळ भानगड गोधडीची. काकूंची आई दवाखान्यात नर्स होती. एकतीस वर्षं तिनं पांढरा गणवेश घातला, आणि गेली तेव्हा मागे एक ट्रंकभर पांढरे गणवेश ठेवून गेली, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. काकूंनी ते उसवले, तुकडे जुळवले, तीन थर घातले आणि दुपारच्या जेवणाच्या अर्ध्या तासात, दोन वर्षं, बारीक धावदोऱ्यानं गोधडी शिवली. रंगही सायीचाच. आईचा एक खिसा, थर्मामीटर ठेवायचा, कोपऱ्यात तसाच ठेवलेला. शिकाऊ मुली म्हणायच्या, काकू जेवता कधी. काकू म्हणायच्या, जेवतेय की.

ती गोधडी वन्सं मागून घेऊन गेल्या. "माझी शाळेतली मैत्रीण येतेय, चार दिवस. जग फिरलेली बाई आहे, तिच्यापुढे काय ती बाजारातली रजई टाकू?"

छोट्या म्हणाला, "दे की."

काकू म्हणाल्या, "बरं."

पाचव्या दिवशी वन्सं जिन्यात भेटल्या. गोधडी आठ घड्या घालून, कडक इस्त्री करून, पिशवीत घालून, वर गाठ मारून. गोधडीला इस्त्री करतं का कोणी? काकूंच्या बोटांना तिथंच खाज सुटली. हातात कापड आलं की उलगडायचं ही सवय, त्यांनी कठड्यावर टाकून गाठ सोडली आणि घडी उघडली.

डोक्याकडच्या बाजूला एक गोल कडं. त्याच्या खाली पाच-सहा ठिपके. आणि मधोमध वीतभराहून मोठा, राखाडी-तपकिरी, नकाशासारखा पसरलेला डाग.

तेवढ्यात वरून तिसऱ्या मजल्याच्या संगीतबाई उतरल्या. गाण्याच्या शिकवण्या घेतात, एकट्याच राहतात. त्यांची नजर गोधडीवर गेली, आणि काकूंनी तोंड उघडायच्या आत वन्सं बोलून मोकळ्या झाल्या.

"बघा हो संगीतबाई, आमच्या छोट्याच्या बायकोची गोधडी. मला दिली तेव्हाच चहा सांडलेला. मी म्हटलं, राहू दे, बोलून कशाला दुखवा. जगाचे डाग काढते आणि स्वतःच्या अंथरुणात चहा सांडते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा."

काकूंनी घडी मिटली. "बरं," म्हणाल्या.

वन्संनी तिथंच थांबायचं होतं. पण जिभेला हाड असतं तर आणखी काय हवं होतं. संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं की रेशमी कपडे लाँड्रीत देताना जरा बघून द्या, डाग काढणाऱ्यांच्याच घरी काय परिस्थिती आहे ते आपण जिन्यात पाहिलं. खाली हसणारे तीन चेहरे टाकले. तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्याच्या दातांच्या डॉक्टरांचे पांढरे कोट काकूंच्या टेबलावर आले नाहीत, चौकातल्या दुसऱ्या लाँड्रीत गेले. मग एक रेशमी झगा परत मागितला गेला. आठवडा संपायच्या आत मालक मागच्या खोलीत आला आणि कपाटाशी बोलायला लागला.

"काकू, लोक काहीबाही बोलतायत. माझा विश्वास नाही, पण गिऱ्हाईक म्हणजे तुम्हाला माहीत आहे. थोडे दिवस तुम्ही टॉवेल बघा."

टॉवेल. ज्या हातांनी शंभर वर्षांच्या लेसवरचं रक्त काढलं, त्या हातांनी हॉटेलाचे टॉवेल मोजून घड्या घालायच्या. काकूंनी नऊ बाटल्या खिडकीत ओळीनं लावल्या, वर फडका टाकला आणि टॉवेलांच्या ढिगाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी "बरं"सुद्धा म्हणाल्या नाहीत. मालक त्या रात्री जेवला नाही म्हणे.

घरी येऊन त्यांनी गोधडी पलंगावर पसरली, चष्मा लावला आणि नाक कापडाला टेकवलं. गोल कडं चहाचं, दुधाचा. कपाच्या बुडाचं माप. ते डाव्या हाताला होतं, वन्सं डावखुऱ्या. ठिपके कॉफीचे, काळ्या, बिनदुधाच्या. काळी कॉफी पिणारं इमारतीत कोणी नाही, म्हणजे मैत्रीण. आणि मधला नकाशा? त्यावर आधी कोणीतरी धुण्याची वडी घासली होती, भरपूर आणि घाबरून, मग न धुताच वरून इस्त्री. दिसायला चहासारखाच. काकूंनी जिभेच्या टोकावर बोट ओलं केलं, डागाच्या अगदी कडेला, शिवणीच्या आत लावलं, आणि बोटाकडे बघत बसल्या. मग हसल्या.

तुम्हाला सांगायला हवं की दोनच महिन्यांपूर्वी याच वन्संनी संगीतबाईंना मंडळात उभं केलं होतं. कचऱ्याच्या डब्यात वाईनची एक रिकामी बाटली सापडली म्हणून. "या इमारतीत असलं चालणार नाही" अशी पाटी जिन्यात लागली, आणि बासष्ट वर्षांच्या संगीतबाईंनी वीस बायकांसमोर मान खाली घालून माफी मागितली. पाटी अजून तिथंच होती.

काकूंना खरं तर एक क्षण बरंही वाटलं. दोन म्हाताऱ्या मैत्रिणी, एका गोधडीखाली पाय घालून, पेले हातात घेऊन, शाळेतल्या पोरींसारख्या खिदळतायत. वन्संना खिदळताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सकाळी येऊन म्हणाल्या असत्या ना, अगं, घोटाळा झाला, कोणाला सांगू नकोस, तर काकूंनी जन्मात कोणाला सांगितलं नसतं. डाग काढून, वर चहा पाजून पाठवलं असतं. पण बाई इस्त्री करून आली.

"सोडून दे गं," छोट्या दारातून म्हणाला. "ताई अशीच आहे पहिल्यापासून."

"मी काही म्हटलं का?"

"म्हणत नाहीस त्याचीच भीती वाटते." तो जरा जवळ आला. "मग काढून तरी टाक ते डाग. तुला दोन तासांचं काम."

काकूंनी गोधडी हलक्या हातानं गुंडाळली. "साक्षीदाराला कोणी आंघोळ घालतं का?"

त्यानंतर पाच दिवस काकूंनी काहीच केलं नाही. टॉवेलांच्या घड्या घातल्या, घरी आल्या, भांडी घासली. जिन्यात वन्सं दिसल्या की बाजूला सरून वाट दिली. सावज आपल्या पायानं येतं, त्याला हाका मारायच्या नसतात. आणि वन्संना गप्प माणूस सहन होत नाही, गप्प म्हणजे आपल्याविरुद्ध, हे त्या स्वतःही कुठंतरी ओळखून असाव्यात. सहाव्या दिवशी त्या वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या, स्वतःच्या हुशारीवर खूश.

"शनिवारी चार वाजता मंडळ आहे. दर वेळी मीच बोलते, या वेळी म्हटलं काहीतरी उपयोगाचं. विषय ठरवला, हाताने शिवलेल्या फिक्या गोधडीवरचे चहाचे डाग कसे काढावेत. तूच दाखवायचं. तुझ्याच गोधडीवर." त्यांनी भुवया उंचावल्या. "घाबरलीस की काय?"

छोट्या पेपरआडून बायकोकडे बघत होता. सव्वीस वर्षांत चारदाच पाहिलेलं ते हसू त्याला बायकोच्या तोंडावर दिसलं. त्यानं पेपर ठेवला, चपला घातल्या आणि आपल्या दुकानाकडे निघून गेला.

"बरं," काकू म्हणाल्या.

तळमजल्याच्या खोलीत टेबल-टेनिसचं एक टेबल आहे, त्याला जाळी नाही. मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांचं तेच व्यासपीठ. शनिवारी त्यावर गोधडी अंथरलेली, खाली जुनी चादर, बाजूला काकूंच्या चार बाटल्या, लिंबू, सोडा, दोन वाट्या, ब्रश, चिंध्या. भोवती अठरा बायका. दातांच्या डॉक्टर पुढच्याच खुर्चीवर. संगीतबाई अगदी मागे, दाराजवळ, पळता येईल अशा.

वन्संनी प्रस्तावना केली. घरचं माणूस आहे म्हणून सांभाळून घ्या, वगैरे. काकू उठल्या. एवढ्या बायकांपुढे त्या जन्मात कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, पण हातात चिंधी आली की त्यांचा आवाज येतो.

"पहिली गोष्ट, हाताने शिवलेली गोधडी बादलीत बुडवायची नाही. पाणी प्यायली की ती जड होते आणि दोरीवर टाकली की स्वतःच्याच वजनानं टाके तोडते. जिथं डाग तिथंच पाणी. दुसरी, कोपऱ्यात आधी बाटलीतला थेंब लावून बघायचा, रंग टिकतो का. आणि तिसरी, डागाला आधी विचारायचं, तू कोण. नाव कळल्याशिवाय औषध नाही. काय डॉक्टर?"

डॉक्टर हसल्या. "बरोबर. नाहीतर चांगला दात जायचा."

"मग वन्सं, तुम्हीच सांगा. तुम्ही पाहिलेत आधी. हे गोल कडं कशाचं?"

"चहाचं. सांगितलं ना."

"आणि हे ठिपके?"

"चहाचेच."

"आणि हा मधला?"

वन्संनी क्षणभर गोधडीकडे पाहिलं. "तोही चहाच. तिन्ही चहाचे. मला दिली तेव्हाच होते."

"बरं," काकू म्हणाल्या. "चहा. आता चहाची एक गंमत सांगते. चहाला लिंबू दाखवलं की त्याचा रंग उतरतो. घरी कपात पिळून बघा, काळा चहा फिका पडतो. कापडावरही तसंच."

त्यांनी लिंबू कापलं, वाटीत पिळलं, तेवढंच थंड पाणी घातलं. गोल कड्याखाली चिंधी सरकवली, ब्रशनं चार थेंब टाकले, वरून दुसरी चिंधी दाबली. मोजून वीसपर्यंत. उचलली. कडं अर्ध्यावर आलेलं. बायका पुढे वाकल्या. ठिपक्यांवर तेच केलं, तेही फिके.

"अगदीच सोपं आहे," वन्सं म्हणाल्या. "हे तर कोणीही करेल."

"कोणीही," काकू म्हणाल्या. "आता मधला. वन्सं, तुम्हीच टाका."

वन्संनी ब्रश घेतला. कोणी ब्रश पुढे केला तर मागे सरणारी बाई नव्हे ती. डाव्या हातानं वाटीत बुडवला आणि मधोमध तीन-चार थेंब उडवले.

राखाडी-तपकिरी नकाशाच्या पोटात एक गुलाबी फूल उमलायला लागलं. आधी फिकं, मग गडद, मग टाक्यांच्या रेघांवरून पळत पळत कडेपर्यंत. वन्संनी ब्रश मागे घेतला, पण आता त्याला कोण थांबवणार.

"अय्या," मागून कोणीतरी म्हणालं.

काकूंनी चष्मा नाकावर सरकवला आणि अगदी भोळ्या तोंडानं वाकून पाहिलं. "हा लाजला की हो. सव्वीस वर्षं चहाचे डाग काढते, पण चहा कधी लाजलेला नाही पाहिला."

"म्हणजे काय मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोड्याचं पाणी लावलं की कळेल. एवढंसंच लावते." त्यांनी दुसऱ्या वाटीतलं पाणी ब्रशच्या टोकानं गुलाबी कडेला टेकवलं. कड निळी झाली. शाळेच्या प्रयोगवहीत असते तशी निळी. "लिंबानं लाल, सोड्यानं निळा. काळ्या द्राक्षाचा गुण आहे हा."

"द्राक्षाचा रस असेल," वन्सं म्हणाल्या. आवाज एक पट्टी वर गेला होता. संगीतबाईंना तो नेमका कळला असणार, त्यांनी मान वर केली. "तुमच्याकडे सांडला असेल. मला वाटलं चहा."

"असेल," काकू म्हणाल्या. "पण रसात साखर असते. साखरेवर इस्त्री फिरली की ती जळते, कडेनं खरपूस तांबूस रेघ उमटते आणि हाताला खरखर लागते. हात लावून बघा डॉक्टर, खरखर आहे?"

डॉक्टरांनी बोट फिरवलं. "मऊ आहे."

"म्हणजे साखर नाही. द्राक्ष आहे आणि साखर नाही." काकू थांबल्या. पुढचा शब्द त्यांनी बोलायचा नव्हताच, तो अठरा बायकांच्या डोक्यात आपसूक पडला. "असो. वडी घासलेली आहे, इस्त्री केलेली आहे. हा आज निघायचा नाही. दोन दिवस लागतील. हलवता यायची नाही, इथंच टेबलावर सपाट वाळू दे. सोमवारी चारला उरलेलं दाखवते."

दोन दिवस ती गोधडी तळमजल्याच्या टेबलावर पसरलेली होती. मधोमध गुलाबी-निळा डाग, आणि समोरच्या भिंतीवर सभापतींचा हार घातलेला फोटो, मंडळाच्या वर्धापनाचा. दूध आणायला उतरलेल्या बायका खोलीत डोकावून जायच्या. पेपरवाला डोकावला. दुसऱ्या मजल्याचे आजोबा काठी टेकत आले, वास घेऊन गेले आणि म्हणाले, चांगल्यातली दिसते. वन्सं दोन दिवस दूध आणायला उतरल्या नाहीत. काकू मात्र रविवारी सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन कापड ओलं आहे का बघत होत्या, आणि वर येताना गुणगुणत होत्या. छोट्याला ते गुणगुणणंच जास्त लागलं.

"आता पुरे ना," तो म्हणाला. "सगळ्यांना कळलं."

"काय कळलं?" काकू म्हणाल्या. "डाग कशाचा ते कळलं. सांडला कोणी, ते अजून माझ्याच नावावर आहे. आता लोक म्हणतील, डागवाली दारू पिते. टॉवेलसुद्धा काढून घेतील."

छोट्यानं डोक्याला हात लावला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सोमवारी चारला अठराच्या सव्वीस बायका झाल्या. लाँड्रीचा मालकही दाराबाहेर घुटमळत होता, आत यायची त्याची हिंमत नव्हती. वन्सं आल्या. न येऊन चालणार नव्हतं, न येणं म्हणजे कबुलीच. अध्यक्षांच्या खुर्चीवर ताठ बसल्या.

काकूंनी गोधडी पालथी घातली. फक्त पांढऱ्या कापडाला चालणारं, पाण्यासारखं दिसणारं औषध पातळ करून, ब्रशनं एकेक टाका चुकवत, मागून लावलं. चिंधी दाबली, बदलली, पुन्हा लावलं, पुन्हा बदलली. घाई नाही. गुलाबी चिंधी, फिकी गुलाबी चिंधी, मग जवळजवळ पांढरी. आणि हात चालत असताना, मान वर न करता, डॉक्टरांशी बोलल्यासारखं बोलल्या.

"तिन्ही थर भिजलेत हो. एवढं आत गेलंय म्हणजे बाटलीच्या बाटली उपडी झाली असणार. कोण एवढं पीत होतं कोण जाणे. अख्खी बाटली."

"बाटली कुठली," वन्सं म्हणाल्या. "अर्धा पेला होता."

हात थांबले नाहीत. काकूंनी चिंधी बदलली. पण खोलीतल्या सव्वीस माना एकदम वळल्या, आणि वन्संचं तोंड उघडंच राहिलं, सुटलेला शब्द परत मागितल्यासारखं.

मागून संगीतबाई सावकाश म्हणाल्या, "अर्धा पेला कोणाचा, सभापतीबाई?"

वन्संनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बाहेर पडायची वाट मालकानं अडवलेली. "माझा," त्या म्हणाल्या. "मैत्रीण घेऊन आली होती. चाळीस वर्षांनी भेटली. आम्ही दोघी. माझ्या हातून सांडला." मग, फणकाऱ्यानं, "काय ते बघताय सगळ्या, हिनं नाही सांडला. चहासुद्धा मीच."

डॉक्टरांनी घसा साफ केला. "काकू, उद्या माझे कोट पाठवते. आणि एक रेशमी जाकीट आहे, त्यावर कॉफी आहे. इकडच्या तिकडच्या हातात नाही देणार." दाराबाहेर मालक जोरजोरात मान हलवत होता, जणू हे सगळं त्यानंच सांगितलं होतं. संगीतबाई उठून बाहेर गेल्या. जिन्यातून पाटी उचकटल्याचा आवाज आला, चार खिळे, एकेक करून.

दुसरी कोणी असती तर इथं थांबली असती. पण काकूंनी गोधडी सुलटी केली, जिथं डाग होता तिथं हात ठेवला, वीत मोजली, वीत आणि चार बोटं, आणि म्हणाल्या, "अर्धा पेला नव्हता हं, वन्सं. पूर्ण होता."

"अर्धा होता. माझ्या हातात होता, मला माहीत की तुला?"

"अर्ध्याचा एवढा पसारा होत नाही."

"होतो."

"नाही होत."

"पेला मी भरला होता बाई, मी सांगते."

काकूंनी कोपऱ्यातल्या कपाटातून मंडळाचा काचेचा पेला घेतला. मोजून अर्धा पेला पाणी भरलं. आपल्या पिशवीतून त्याच गणवेशाचे उरलेले तीन तुकडे काढले, एकावर एक ठेवले, टेबलाच्या रिकाम्या टोकाला पसरले आणि पाणी एकदम ओतलं. सगळ्या जवळ आल्या. पाणी पसरत पसरत गेलं आणि थांबलं. काकूंनी मोजलं. वीत पुरी झाली नाही, दोन बोटं कमीच.

"हे बघा."

"पाण्याचं काय सांगतेस," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या गालांवर रंग आला होता, पण हरणं त्यांना ठाऊक नव्हतं. "पाणी पातळ. ते जास्त पसरतं. वाईन कमी पसरते."

"वाईन कमी पसरते?"

"कमीच."

"म्हणजे वीत चार बोटं पसरायला पाण्याहून जास्तच वाईन लागली असेल," काकू म्हणाल्या. "मग एकाच्या वर गेला हिशोब. दीड धरू?"

वन्संनी ओठ हलवले. बोटांवर काहीतरी मांडलं, मोडलं, पुन्हा मांडलं.

"एक," त्या म्हणाल्या. "एकच. पूर्ण."

"काठोकाठ?"

"काठोकाठ," वन्सं म्हणाल्या, आणि काकूंनी पेला विसळून कपाटात ठेवला.